लायसोसोममधली लिपिड्स मोजायची आहेत? प्लेटपासून आकड्यापर्यंतची वाट

शाळेच्या पुस्तकात लायसोसोमचं नाव लयकारिका, आणि त्यापुढे हमखास छापलेलं विशेषण ‘आत्मघाती पिशव्या’. परीक्षेत ते लिहून आपण सगळ्यांनीच मार्क मिळवले आहेत. पण पेशीतल्या या कणाचं रोजचं काम पाहिलं की मला दारावर येणारा भंगारवाला आठवतो. आलेला माल तो फोडतो, वेगळा करतो आणि कामाचं ते पुन्हा बाजारात पाठवतो. लायसोसोममध्ये मेदाम्ल, स्फिंगोसिन, कोलेस्टेरॉल ही लिपिड्स, म्हणजे मेदासारखे पदार्थ, अशीच सुटी होऊन पेशीकडे परत जातात. फोडणारं एक एन्झाइम किंवा बाहेर नेणारं एक प्रथिन बंद पडलं की माल साचायला लागतो: गोशे आजारात ग्लुकोसिलसेरामाइड, फॅब्रीमध्ये ग्लोबोट्रायाओसिलसेरामाइड, नीमन-पिक सी मध्ये कोलेस्टेरॉल.

हे साचलेलं नेमकं किती आहे ते मोजण्याची वाट इथे सांगतो आहे. पेशीसंवर्धन येणाऱ्या, पण मास स्पेक्ट्रोमीटरसमोर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रासमोर, पहिल्यांदाच बसणाऱ्या एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. आकडा मशीन देतं, पण तो खरा की खोटा हे मशीनपाशी जाण्याच्या कितीतरी आधी, पेशी फोडल्यानंतरच्या दहा मिनिटांत आणि तुम्ही घेतलेल्या किंवा न घेतलेल्या कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेच्या नमुन्यांत, ठरलेलं असतं.

अख्ख्या पेशीतून का मोजू नये?

पेशीच्या आकारमानात लायसोसोमचा वाटा जेमतेम काही टक्के. बाकी सगळीकडे पडदेच पडदे: आंतर्द्रव्यजालिका, तंतुकणिका, बाहेरचा पेशीपटल. सगळी पेशी विरघळवून मोजली तर लायसोसोममध्ये दुप्पट झालेलं लिपिडसुद्धा त्या गर्दीत हरवतं. म्हणून आधी लायसोसोम बाहेर काढायचे.

ख्रिस्तियान द दूव्ह यांनी १९५५ मध्ये लायसोसोम ओळखले ते सेंट्रिफ्यूजच्या जोरावरच, आणि पुढची कित्येक दशकं लोक घनतेच्या थरांवरच ते वेगळे करत आले. ती पद्धत आजही चालते, पण तिला तास लागतात. त्या तासांत लायसोसोमच्या आतली एन्झाइमं गप्प बसत नाहीत. २०१७ मध्ये आलेल्या लायसो-आयपी पद्धतीने हा वेळ सुमारे दहा मिनिटांवर आणला. लायसोसोमच्या पडद्यात टीएमईएम१९२ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या पेशीद्रवाकडच्या टोकाला एचए टॅगच्या (ओळखखूण म्हणून लावलेला छोटा प्रथिन-तुकडा) तीन प्रती जोडायच्या आणि एचएची अँटिबॉडी लावलेल्या चुंबकीय बीड्सनी (बारीक मण्यांनी) अख्खा लायसोसोम पकडायचा. पुढचं सगळं या पद्धतीला धरून आहे.

पेशी तयार करणं

टॅग असलेलं जनुक लेंटिव्हायरस या वाहक विषाणूने पेशीत घालतात. एचईके२९३टी किंवा हेला पेशींपासून सुरुवात केलेली बरी, त्या भराभर वाढतात. जनुक शिरलेल्या पेशींची निवड झाल्यावर लगेच प्रयोगाला लागू नका. काचेवर थोड्या पेशी वाढवून एचए आणि लॅम्प१ (लायसोसोमच्या पडद्यातलं ओळखीचं प्रथिन) यांचं एकत्र रंगण करा. दोन्ही रंग एकाच ठिपक्यांवर पडले पाहिजेत. टॅगचं प्रथिन फार जास्त तयार होत असेल तर ते जालिकेत किंवा पेशीपटलावर सांडलेलं दिसतं. तशा पेशी वापरल्या तर बीड्स भलतेच पडदे ओढून आणतात. चमक कमी, पण ठिपके स्वच्छ, अशी पेशीरेषा निवडा.

याच वेळी दुसरी पेशीरेषाही तयार करा. प्रथिन तेच, फक्त एचएच्या जागी फ्लॅग टॅग. एचएचे बीड्स हिला पकडणार नाहीत. तरीही बीड्सवर जे चिकटून येईल तीच तुमची पार्श्वभूमी. हिला मॉक म्हणतात. पैसे किंवा वेळ वाचवायचा म्हणून लोक सगळ्यात आधी हिलाच वगळतात, आणि माझ्या मते तिच्याशिवाय केलेला प्रयोग न केलेला बरा.

पद्धत बसली आहे का, हे पाहायला एक ज्ञात बिघाडही सोबत ठेवा. कॉन्ड्युरिटॉल बी इपॉक्साइड हे रसायन ग्लुकोसेरेब्रोसिडेज एन्झाइम बंद पाडतं. पेशी काही दिवस त्यात ठेवल्या की ग्लुकोसिलसेरामाइड वाढलेलं दिसलंच पाहिजे. यू१८६६६ए दिलं की कोलेस्टेरॉल लायसोसोममध्ये अडकतं. असा ठरलेला फरक तुमच्या हातून दिसत नसेल, तर नवा शोध लावायची वेळ अजून आलेली नाही.

सीरमबद्दल एकच सूचना, पण महत्त्वाची. गायीच्या वासराच्या सीरममध्ये भरपूर लिपिड असतं आणि ते पेशींच्या पोटात जाऊन थेट लायसोसोममध्येच पोहोचतं. त्यामुळे एका प्रयोगमालेत सीरमचा लॉट बदलू नका.

ती दहा मिनिटं

प्रत्येक नमुन्याला १५ सेंटिमीटरची एक भरलेली प्लेट, म्हणजे एचईकेच्या साडेतीन कोटींच्या आसपास पेशी. बफर केपीबीएस: १३६ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १० मिलिमोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, पीएच ७.२५. तो पीएच पोटॅशियम हायड्रॉक्साइडनेच आणायचा. पेशीद्रवात सोडियमपेक्षा पोटॅशियम जास्त असतं, पेशी फुटल्यावरही लायसोसोमला घरच्यासारखं वाटावं हा हेतू. यात डिटर्जंट अजिबात नको. डिटर्जंट पडदा विरघळवतो आणि मशीनही घाण करतो.

सुरुवात करण्याआधी सगळं बर्फात हवं: बफर, ट्यूब, पेशी फोडायच्या डाउन्स होमोजिनायझरची काचेची नळी आणि तिचा दांडा. बीड्स आधीच धुऊन, मोजून, लेबल लावलेल्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बर्फाचं मशीन दुपारी हमखास मागे पडतं. मी त्या महिन्यांत हे काम सकाळी आठलाच उरकतो.

माध्यम ओता, प्लेट थंड केपीबीएसने दोनदा धुवा, एक मिलिलीटर केपीबीएसमध्ये पेशी खरवडून घ्या. १००० जी वर दोन मिनिटं, ४ अंशांवर फिरवा. खाली बसलेल्या पेशी पुन्हा एक मिलिलीटरमध्ये हलकेच मिसळा आणि त्यातले २५ मायक्रोलीटर लगेच बाजूला काढा. हा तुमचा ‘अख्खी पेशी’ नमुना. हे २५ मायक्रोलीटर घ्यायला विसरलात तर शेवटच्या हिशेबाला पायाच राहत नाही.

आता उरलेलं डाउन्समध्ये. दांडा २५ वेळा खाली-वर. ऐकायला सोपं आहे, पण सगळा हात इथे लागतो. दांडा द्रवाच्या वर आला की हवा शिरते, फेस होतो, आणि फेसात लायसोसोम फुटतात. म्हणून दांडा कायम द्रवात बुडालेला ठेवायचा, खाली जाताना सावकाश दाब आणि वर येताना त्याहून सावकाश. नीट जमलं की सुरुवातीचा दाटपणा दहा-बारा फेऱ्यांनंतर कमी झालेला बोटांना कळतो. पहिल्या वेळी नुसत्या जास्तीच्या पेशींवर सराव करा आणि ट्रिपॅन ब्लू (फुटलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. बहुतेक पेशी फुटलेल्या पण केंद्रकं गोल आणि शाबूत दिसली की तेवढ्याच फेऱ्या तुमच्या हाताला पुरेशा आहेत. वहीत तो आकडा लिहा आणि पुढे बदलू नका. शक्यतो सगळ्या प्लेट एकाच माणसाने फोडाव्यात.

पुन्हा १००० जी, दोन मिनिटं. वरचा द्रव थेट बीड्सवर (१५० मायक्रोलीटर बीड्स पुरतात) आणि थंडीत तीन मिनिटं फिरवा. जास्त वेळ ठेवला म्हणजे जास्त लायसोसोम मिळतील असं वाटतं, पण मिळते ती मुख्यतः जास्त घाण. चुंबकावर लावा, द्रव काढा, केपीबीएसने तीनदा धुवा. शेवटच्या धुण्याच्या वेळी बीड्स नव्या ट्यूबमध्ये हलवा, कारण जुन्या ट्यूबच्या भिंतीला पेशीतली बरीच लिपिड्स चिकटलेली असतात. मी हे पाऊल कधी गाळत नाही.

चार नमुन्यांच्या वर एका वेळी हात घालू नका. बारा प्लेट एकदम घेतल्या तर बारावीचे लायसोसोम पहिलीपेक्षा अर्धा तास म्हातारे असतात, आणि तो फरक तुम्ही औषधाचा परिणाम म्हणून छापून बसाल.

शेवटी बीड्सचा चौथा भाग वेस्टर्न ब्लॉटसाठी (अँटिबॉडीने प्रथिनं ओळखण्याची चाचणी) वेगळा काढा. लॅम्प१ आणि कॅथेप्सिन दिसलं पाहिजे. कॅथेप्सिन पडद्यात नसून आतल्या रसात असतं, म्हणून ते दिसलं की लायसोसोम अख्खा आला आहे हे कळतं. व्हीडॅक (तंतुकणिका), कॅलरेटिक्युलिन (जालिका), गॉल्जिन-९७ (गॉल्गी) आणि गॅपडीएच (पेशीद्रव) जवळजवळ नाहीसं व्हायला हवं. ब्लॉट बिघडला तर नमुने मशीनवर नेऊ नका.

लिपिड बाहेर काढणं, आणि प्लास्टिकची गोष्ट

क्लोरोफॉर्म दोन भाग, मिथेनॉल एक भाग. हे प्रमाण फोल्च यांच्या १९५७ च्या पद्धतीतून आलेलं आणि अजून टिकून आहे. प्रत्येक नमुन्याला एक मिलिलीटर, आणि त्या द्रावकात इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे ठाऊक प्रमाणातलं ओळखीचं लिपिड, आधीच मिसळलेलं. नंतर नाही, आधीच. काढताना किती लिपिड वाया गेलं याचा साक्षीदार तोच असतो, त्यामुळे तो पहिल्या क्षणापासून सोबत हवा.

स्टँडर्ड कोणतं, यावर बराच विचार करा. बाजारातल्या प्रचलित तयार मिश्रणात फॉस्फॅटिडिलकोलीन, फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल असे नेहमीचे वर्ग असतात, पण लायसोसोमचं सगळ्यात स्वतःचं लिपिड, बीएमपी, नसतं. पूर्ण नाव बिस-मोनोअ‍ॅसिलग्लिसरोफॉस्फेट. ते वेगळं विकत घ्यावं लागतं. १४:० च्या (१४ कार्बन, शून्य दुहेरी बंध) दोन साखळ्यांचं बीएमपी चांगलं चालतं, कारण पेशीत ते नगण्य असतं. ग्लुकोसिलसेरामाइडसाठीही पेशीत न सापडणाऱ्या लांबीच्या साखळीचं वेगळं स्टँडर्ड घ्या.

बीड्स द्रावकात दहा मिनिटं हलवून चुंबकाने काढून टाका, द्रावक ४ अंशांवर तासभर हलवत ठेवा. मग २०० मायक्रोलीटर ०.९ टक्के मिठाचं पाणी, दहा मिनिटं हलवणं, ३००० जी वर पाच मिनिटं. दोन थर पडतील, मध्ये प्रथिनांची पांढरी साय. लिपिड खालच्या थरात. काचेची सिरिंज सायीतून आरपार नेताना थोडी हवा सोडत न्या, म्हणजे साय आत येत नाही. शेवटचा थेंब काढायचा मोह टाळा. सगळ्या नमुन्यांतून सारखाच खंड घ्या, आणि तो नायट्रोजनच्या झोतात किंवा स्पीडव्हॅकमध्ये वाळवा. वाळलेलं लिपिड उणे ८० वर, पण फार दिवस नको: दुहेरी बंध असलेल्या साखळ्यांचं ऑक्सिडेशन होतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात बाटली फ्रीजरमधून काढल्या काढल्या उघडू नका, आत दव पडतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

हे सगळं फ्यूम हूडमध्ये. साधे निळे नायट्राइल हातमोजे क्लोरोफॉर्मला फार वेळ अडवत नाहीत. थेंब पडला की लगेच बदला. टाकाऊ द्रावण हॅलोजनवाल्या वेगळ्या बाटलीत.

आता प्लास्टिक. माझ्या पहिल्या मालेत सगळे नमुने मी साध्या प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये काढले होते. मशीनवर २८२.२८ ला (वस्तुमान भागिले भार; पुढचे असे आकडेही तेच) भलंमोठं शिखर आलं. स्फिंगोसिनचं पाणी गमावलेलं आयन बरोबर याच वस्तुमानाला येतं, त्यामुळे दोन दिवस मी लायसोसोममध्ये स्फिंगोसिन साचल्याच्या आनंदात होतो. मग रिकामा ब्लँक चालवला. तेच शिखर, तेवढंच उंच. ते ओलिअमाइड होतं, प्लास्टिक साच्यातून सुटावं म्हणून घालतात ते. त्याच्या आयनाचं रासायनिक सूत्र स्फिंगोसिनच्या त्या आयनाशी अणूअणूने जुळतं, म्हणून कितीही अचूक मशीन नुसत्या वस्तुमानावरून त्यांना वेगळं करू शकत नाही. ३३८.३४ ला एरुकामाइड आणि ३९१.२८ ला थॅलेट ही त्याचीच भावंडं. तेव्हापासून काच, आणि टेफ्लॉनच्या अस्तराची टोपणं. शिवाय प्रत्येक मालेत पेशी नसलेला, पण बाकी सगळ्या पायऱ्यांतून गेलेला ब्लँक.

मशीनवर

वाळलेलं लिपिड अ‍ॅसिटोनायट्राइल, आयसोप्रोपेनॉल आणि पाणी यांच्या १३:६:१ मिश्रणाच्या ५० मायक्रोलीटरमध्ये विरघळवा. सी१८ कॉलम (लिपिड्स वेगवेगळ्या वेळी बाहेर सोडणारी नळी), ओव्हन ५५ अंशांवर, दोन्ही द्रावकांत १० मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट आणि ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल. नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळे कंट्रोल आधी आणि सगळे औषधवाले नंतर लावले तर मशीनची दिवसभराची घसरण औषधाच्या नावावर जमा होते. सगळ्या नमुन्यांतून थोडं-थोडं घेऊन एक मिश्रण करा आणि ते दर सहा-आठ इंजेक्शननंतर चालवा. त्याचा आकडा स्थिर राहिला तरच बाकीच्यांवर भरवसा.

सामायिक केंद्रात मशीन दुसरं कोणी चालवत असेल तर आधी जाऊन भेटा. कोणती लिपिड्स हवी आहेत आणि ती किती थोडी असतील ते सांगा. चालवणाऱ्याला नुसतं ‘लिपिडोमिक्स करून द्या’ म्हटलं तर तो नेहमीची पद्धत लावेल, आणि नेहमीच्या पद्धतीत बीएमपी दिसत नाही. खरं तर दिसतं, पण दुसऱ्याच नावाने.

कारण बीएमपी आणि फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल, म्हणजे पीजी, यांचं सूत्र एकच. १८:१ च्या दोन साखळ्या असतील तर ऋण मोडमध्ये (ऋणभारित आयन मोजताना) दोन्ही ७७३.५३ ला येतात, आणि फोडल्यावर दोन्हींतून २८१.२५ चं ओलिक आम्ल पडतं. सॉफ्टवेअर बिनदिक्कत ‘पीजी ३६:२’ लिहून मोकळं होतं. बीएमपी लायसोसोमचं लिपिड, तर पीजी तंतुकणिकेतल्या कार्डिओलिपिनचं कच्चं साहित्य. म्हणजे ही चूक एका लेबलाची असली तरी तिने पेशीतला पत्ताच बदलतो.

सोडवणूक धन मोडमध्ये आहे. अमोनियम जोडलेलं आयन दोघांचं ७९२.५७. बीएमपीच्या दोन साखळ्या दोन वेगळ्या ग्लिसरॉलवर असतात, म्हणून ते मधोमध तुटतं आणि ३३९.२९ चा तुकडा देतं: एक ग्लिसरॉल, एक साखळी. पीजीच्या दोन्ही साखळ्या एकाच ग्लिसरॉलवर, म्हणून त्याचा फॉस्फेटवाला भाग गळून ६०३.५३ उरतं. शिवाय सी१८ वर बीएमपी पीजीच्या आधी बाहेर येतं. दोन्हींची शुद्ध स्टँडर्ड्स एकदा स्वतः चालवून वेळा वहीत लिहून ठेवा. २२:६ च्या दोन साखळ्यांचं बीएमपी शोधत असाल तर ८८४.५४ च्या आयनापासून पडणारा ३८५.२७ चा तुकडा पाहा.

अशीच दुसरी जोडी ग्लुकोसिलसेरामाइड आणि गॅलॅक्टोसिलसेरामाइड. साखर वेगळी, वजन सारखं, तुकडेही सारखे: १६:० साखळीचं दोन्ही ७००.५७ पासून २६४.२७. इथे सी१८ फारसा कामाला येत नाही, हिलिक कॉलम (रेणूच्या ध्रुवीय भागावरून वेगळं करणारा) लागतो. ज्या पेशीत गॅलॅक्टोवालं जवळजवळ नसतं तिथे निभावून जाईल, मेंदूच्या पेशींत अजिबात नाही. हिलिक नसेल तर प्रामाणिकपणे ‘हेक्सोसिलसेरामाइड’ लिहा.

एक बारीक सापळा: ग्लुकोसिलसेरामाइड आयन-स्रोतातच साखर गमावून सेरामाइडसारखं, ५३८.५२ ला दिसतं. खऱ्या सेरामाइडची वेळ वेगळी असते. शिखर कोणत्या मिनिटाला आलं ते पाहिल्याशिवाय सेरामाइड वाढल्याचं जाहीर करू नका. कोलेस्टेरॉल या पद्धतीत नीट आयन होत नाही. तो प्रश्न मुख्य असेल तर त्याची वेगळी पद्धत लावा.

हिशेब

एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते, आणि ब्लॉटला गेलेला बीड्सचा भाग धरून दुरुस्त केलेले.

१० पिकोमोल बीएमपी स्टँडर्ड घातलं होतं. लायसोसोमच्या नमुन्यात १८:१ वाल्या बीएमपीचं शिखर स्टँडर्डच्या १.८ पट, म्हणजे १८ पिकोमोल. मॉकमध्ये २. खरे १६. अख्ख्या पेशीच्या २५ मायक्रोलीटरमध्ये २ पिकोमोल होते. एकूण एक मिलिलीटरमधून २५ घेतले होते, म्हणजे पूर्ण प्लेटमध्ये ८०. पैकी १६ हाती आले, म्हणजे पाचवा भाग लायसोसोम पकडले गेले.

आता त्याच नमुन्यातलं एखादं फॉस्फॅटिडिलकोलीन पाहा. लायसोसोममध्ये ५० पिकोमोल, मॉकमध्ये ३०, खरे २०. प्लेटमध्ये मात्र १६,०००. हाती आलं ०.१२५ टक्के. बीएमपी २० टक्के आलं आणि हे ०.१२५ टक्के, म्हणजे बीएमपी १६० पट समृद्ध झालं. शुद्धता इतकी असूनही फॉस्फॅटिडिलकोलीनच्या ५० पैकी ३० पार्श्वभूमीच निघाली, हे लक्षात घ्या. मॉक घेतला नसता तर अडीच पट फुगलेला आकडा तुम्ही खरा मानला असता. बीएमपीत तोच फरक फक्त नऊला आठ एवढा आहे. म्हणून लिपिड जितकं सर्वत्र आढळणारं, तितका मॉक जास्त गरजेचा.

नमुन्यांची आपसात तुलना करताना लायसोसोमची संख्या सारखी करावी लागते. बीएमपीने भागून टाकावं असं पटकन वाटतं, पण औषधाने बीएमपीच बदलत असेल तर मोजपट्टीच ताणली जाते. अमिओडॅरोनसारखी औषधं नेमकं तेच करतात. मी ब्लॉटवरच्या लॅम्प१ ने किंवा त्याच बीड्सवर मोजलेल्या लायसोसोमच्या प्रथिनांनी भागतो. अख्ख्या पेशीचा आकडा पेशींच्या संख्येने भागून शेजारी ठेवतो. लिपिड फक्त लायसोसोममध्ये वाढलं आणि अख्ख्या पेशीत नाही, तर ते जागा बदलून आलं असावं. दोन्हीकडे वाढलं तर फोडणं थांबलं असण्याची शक्यता मोठी.

एकाच दिवशी केलेल्या तीन प्लेट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पासेजच्या (पुनर्लागवडीच्या फेरीच्या) पेशींवर, मॉकसह किमान तीनदा करा. सीएलएन५ हे प्रथिन बीएमपी तयार करणारं एन्झाइम आहे हे २०२३ मध्ये याच तऱ्हेच्या मोजणीतून पुढे आलं. त्याआधी वर्षानुवर्षं त्याचं नाव मुलांच्या बॅटन आजाराशी जोडलेलं होतं, पण ते लायसोसोममध्ये करतं काय हे कोणाला सांगता येत नव्हतं.